फौजीच्या घरासाठी मोफत वकील: आठ महिन्यांनंतर (आणि तो गोल शिक्का)

कालची तारीख फुकट गेली, म्हणून लिहायला बसले. राग अजून डोक्यात आहे, तेवढा वजा करून वाचा.

योजना माहीत असेलच. 26 जुलै 2025 ला श्रीनगरात सुरू झालेली नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातच विधी केंद्र, तिथून वकील. आमची केस बांधाची. हे सुट्टीवर आलेले, चुलत दिरांशी वाजलं, दांडकी निघाली आणि एफआयआरमध्ये ह्यांच्याबरोबर माझंही नाव. (मी चुलीपुढे होते, पण असो.) भारतीय न्याय संहितेचं कलम 118(1), म्हणजे घातक हत्याराने दुखापत.

गावात सगळे सांगत होते, "फौजीला सिव्हिल पोलीस हात लावत नाहीत." लावतात. ते संरक्षण ड्युटीत केलेल्या कामाला, बांधावरच्या भांडणाला नाही. केस लष्करी कोर्टात घ्यायची का, हे कमांडिंग ऑफिसर ठरवू शकतात. ह्यांच्या साहेबांनी घेतली नाही. कुणी 1925 चा सैनिकांचा कायदा दाखवेल, तर तो दिवाणी आणि महसुली कामांपुरता आहे. आमचे दोन आठवडे त्यातच गेले.

आधी खासगी वकील केला होता. 25,000 आगाऊ, आणि नंतर दर तारखेला "पुढे बघू". पैसे संपले तेव्हा मोफतकडे वळलो. फुकट ते पौष्टिक म्हणतात, मला मात्र शंकाच होती. पहिले दोन महिने एकच स्टार दिला असता. केंद्राने दिलेल्या वकील मॅडम एका दिवशी तीन कोर्टांत, आमचा पुकारा झाला की मीच त्यांना शोधत पळायची. तेव्हा कुणाला तरी म्हणालेसुद्धा, मोफत म्हणजे नावापुरतं. ते शब्द परत घेते.

कारण मॅडमनीच ते कलम काढलं: लष्कर कायदा 1950, कलम 32. फौजीला केससाठी सुट्टी मिळाली असेल किंवा त्याने नुसती मागितली असेल, तरी तसा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला जोडून अर्ज करता येतो, आणि कोर्टाने शक्य तितकं काम त्या सुट्टीतच संपवायचं असतं. 25,000 वाल्याने हे एकदाही सांगितलं नव्हतं. वर्षाला 60 दिवसांची सुट्टी, त्यात जम्मूहून येण्या-जाण्यात दिवस जातात, शेती आहे, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. एरवीच्या तारखांना हजेरी माफीचा अर्ज चालतो, पण आरोप ठेवताना माणूस समोर लागतो.

आता शिक्का. दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, कोर्टातल्या बाबूंनी मूळ प्रत मागितली. स्पीड पोस्टाने मूळ आली, तर शिक्का इतका पुसट की युनिटचं नावच लागेना. "हे काय आहे?" म्हणून कागद परत. नवा दाखला येईपर्यंत ह्यांच्या सुट्टीतले नऊ दिवस गेले. नऊ! शाईचं पॅड किती रुपयांना मिळतं हो? सीमेवरचा माणूस, आणि घोडं अडलं शाईपाशी. मॅडमचा दोष नाही, पण कागद आधीच तपासून घ्यायची पद्धत केंद्रात का नाही? एक स्टार इथेच कापला.

दुसऱ्या दाखल्यावर मात्र चमत्कार झाला. एकाच सुट्टीत आरोप ठेवले गेले आणि दोन साक्षीदार तपासून झाले. खासगीकडे पाच तारखांत काहीच हललं नव्हतं.

खर्चाचं सांगते. वकिलाची फी शून्य. झेरॉक्स, स्पीड पोस्ट आणि एसटी आपली. एसटी मला अर्ध्या तिकिटात, ह्यांना पूर्ण. आणखी एक मला उशिरा कळलं: 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील तसाही मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे माझ्यापुरते तरी खासगीला पैसे घालायची गरजच नव्हती. त्या 25,000 मध्ये बोअरची मोटर आली असती.

अजून एक, एफआयआर युनिटपासून लपवू नका. ह्यांनी त्याच रात्री सुभेदार साहेबांना फोन केला, म्हणूनच पुढे दाखले मिळाले.

काल काय झालं? हे झेलम एक्सप्रेसने दोन रात्री काढून आले, दाखला होता, शिक्का ठसठशीत, मॅडम वेळेवर. न्यायाधीश साहेब रजेवर.

सध्या पाचपैकी साडेतीन. पुढच्या तारखेसाठी सुट्टीचा अर्ज युनिटात गेलाय. या वेळी दाखला पाकिटात घालायच्या आधी ह्यांना व्हिडिओ कॉल करायला सांगितलंय. शिक्का मी स्वतः वाचणार.