एसएलआर सोडून छोटा कॅमेरा घेतला, तीन वर्षांचा अनुभव

आधीच सांगते, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव आलं की सगळे त्यावरूनच भांडत बसतात आणि मी ज्या तक्रारी करणार आहे त्यातल्या निम्म्याअधिक या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना लागू पडतात. एवढं कळलं तरी पुरे की हा १ इंची सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे आत फोटो टिपणारी चिप), लेन्स आत घेऊन मिटणारा, खिशात मावणारा कॅमेरा आहे, लेन्स वाइडला एफ/१.८ आणि पूर्ण झूमला एफ/२.८ (हा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त उजेड आत घेते), रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल देतो, मॅन्युअल वगैरे सगळे मोड आहेत, स्क्रीन वर वळते, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही.

त्याआधी सहा वर्षं एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्सा बदलता येणारा मोठा कॅमेरा होता. साधाच, एपीएस-सी नावाच्या मोठ्या मापाच्या सेन्सरचा, सोबतच मिळालेली १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स, मग हौसेने घेतलेली ५०ची एफ/१.८ आणि त्याहून जास्त हौसेने घेतलेली, लांबचं जवळ आणणारी ७०-३००. पहिल्या वर्षी मी तो कॅमेरा दूध आणायला जातानासुद्धा गळ्यात घालायची, खोटं नाही सांगत. मग हळूहळू "आज नेऊ का" असा प्रश्न पडायला लागला, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न पडला की समजायचं उत्तर नाही असंच येणार. एकदा जुने फोटो लावायला बसले तर आदल्या अख्ख्या वर्षात एसएलआरने फोटो काढल्याचे दिवस निघाले चार! बाकी सगळं वर्ष फोनवर. आणि त्या चार दिवसांतही जवळजवळ सगळे फोटो किट लेन्सचे, ५० आणि ७०-३०० बॅगेत नुसत्या फिरून आल्या होत्या.

तेव्हा डोक्यात आलं की जर मी किट लेन्सच लावून फिरणार असेन तर हे पाऊण किलोचं धूड कशासाठी.

आता इथे लोक लगेच म्हणतात की अगं सेन्सर बघ केवढासा आहे, एसएलआरची क्वालिटी येईल का. मलाही तसंच वाटायचं म्हणून कागदावर हिशोब केला, तो इथे देते कारण घेताना मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. १ इंची सेन्सर म्हणजे खरंतर १ इंचाचा नसतोच, तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर असतो, कर्ण जेमतेम १६ मिलीमीटर, हे १ इंच नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून चालत आलंय आणि कोणी बदलायची तसदी घेतली नाही. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळात एसएलआरचा सेन्सर तिप्पटीहून थोडा मोठा. पण किट लेन्स वाइडला एफ/३.५ आणि झूमला एफ/५.६, आणि या छोट्याची लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८. अपर्चरच्या, म्हणजे त्या एफवाल्या आकड्यांचा वर्ग करून बघा, ३.५ विरुद्ध १.८ म्हणजे पावणेचार पट जास्त प्रकाश, ५.६ विरुद्ध २.८ म्हणजे बरोबर चार पट. सेन्सरने तिप्पट गमावलं ते लेन्सने चौपट कमावलं. म्हणजे किट लेन्सवाला एसएलआर जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० मागतो तिथे हा ८००वर काम भागवतो आणि नॉइज, म्हणजे ते दाणे, बघायला गेलं तर दोघं बरोबरीत. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये दोन्हींनी एकाच जागेवरून फोटो काढून बघितले, नवऱ्याला न सांगता दाखवले, तो एसएलआरचा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो छोट्याचा होता.

पण हा हिशोब किट लेन्सशीच जुळतो हां. एसएलआरला ती ५०ची एफ/१.८ लावली की छोट्याचा लेन्समुळे मिळणारा फायदा संपतो आणि सेन्सरचा तिप्पट फायदा सरळ एसएलआरच्या पदरात पडतो. अंधारात पण आणि बॅकग्राउंड ब्लर करण्यात पण. छोट्याच्या एफ/१.८ने तोंडाचा क्लोजअप घेतला तर मागचं थोडं मऊ होतं, पण लोण्यासारखं विरघळत वगैरे नाही. फुलाच्या अगदी जवळ गेलं तर छान येतं, माणूस कमरेपासून घेतला तर मागची भिंत भिंतच दिसते. पोर्ट्रेटसाठी घेणार असाल तर इथेच वाचणं थांबवलंत तरी चालेल.

मुळात हे छोटे पण शहाणे कॅमेरे नवीन नाहीत. २००८ला कॅननचा जी१० आला तेव्हा नखाएवढ्या सेन्सरवर १४.७ मेगापिक्सेल कोंबले होते आणि पुढच्या वर्षी जी११मध्ये त्यांनीच मेगापिक्सेल कमी करून १० केले, आकडा वाढवायच्या त्या शर्यतीत कुणीतरी उलटं पाऊल टाकलं याचं मला अजून कौतुक वाटतं. पण खरा फरक पडला २०१२ला, सोनीचा आरएक्स१०० आला तेव्हा, २४० ग्रॅममध्ये १ इंची सेन्सर. मग सगळेच त्या वाटेने आले. दुसरीकडे रिकोचा जीआर (२०१३पासून) आणि फुजीचा एक्स१०० (२०११) यांनी सरळ एसएलआरएवढा एपीएस-सी सेन्सरच घातला, पण झूम काढून टाकला. जीआर खिशात मावतो, एक्स१०० मावत नाही, जॅकेटच्या मोठ्या खिशात कोंबलात तर गोष्ट वेगळी. मी जीआरवर फार अडकले होते, पण एकाच २८ मिलीमीटरवर आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती.

आवडलेल्या गोष्टींमध्ये एक अशी आहे जी घेताना माहीतच नव्हती. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतो, पाकळ्यांचा, लीफ शटर म्हणतात. त्यामुळे एक तर आवाज नाही, एसएलआरचा आरसा खाडकन उडतो ना तसलं काही नाही, माझी झोपलेली मुलगी एसएलआरच्या आवाजाने दचकायची, याच्याने कूस पण बदलत नाही. आणि दुसरं म्हणजे फ्लॅश. एसएलआरवर साधा फ्लॅश १/२००च्या आसपास अडकतो, त्याहून जोरात शटर नेला की अर्धी फ्रेम काळी. इथे १/१०००ला पण फ्लॅश चालतो. म्हणजे भर उन्हात, मागून सूर्य, चेहरा काळा, अशा वेळी अपर्चर उघडंच ठेवून त्या इवल्याशा फ्लॅशने चेहरा उजळता येतो. तीन-चार पावलांवरचा माणूस असेल तर मस्त, त्यापलीकडे तो फ्लॅश म्हणजे काजवा.

आत बसवलेला एनडी फिल्टर पण याच्यात आहे, तीन स्टॉपचा. बटण दाबलं की उजेड आठ पटीने कमी. धबधब्याचं पाणी दुधासारखं करायला लेन्सवर काही फिरवून बसवायला नको, कॅमेरा दगडावर ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, झालं. सावलीत असेल तरच, डोक्यावर ऊन असेल तर तीन स्टॉप पुरत नाहीत, आणि अपर्चर एफ/११ला नेऊन भागवू म्हणाल तर नका करू, इतक्या लहान सेन्सरवर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळं पिठूळ दिसायला लागतं. मी एफ/५.६च्या पुढे जातच नाही, गरजही नसते, लहान सेन्सरवर एफ/४लाच पुढचं झाड आणि मागचा डोंगर दोन्ही शार्प येतात.

आणि माणसं. एसएलआर तोंडासमोर धरला की समोरचा ताठ होतो, पोट आत घेतो. छोटा कॅमेरा पोटाशी धरून स्क्रीन वर वळवून त्यात बघत बोलत राहिलं की लोकांना कळतही नाही, म्हणजे चोरून नाही काढत, सांगून काढते, पण दोन मिनिटांत विसरतात. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हसतानाचे फोटो सगळे या तीन वर्षांतलेच आहेत.

आता राग.

सुरू व्हायला लागणारा वेळ. बटण दाबलं की लेन्स बाहेर येते, दीड-दोन सेकंद, ऐकायला काहीच नाही, पण कुत्रं उडी मारून खाली पण आलेलं असतं तेवढ्यात. एसएलआर बॅगेतून काढायला वेळ लागायचा हे खरं, पण एकदा गळ्यात असला की बटण आणि फोटो यांच्यात काही नव्हतं. झूमचंही तसंच, एसएलआरला मनगट फिरवलं की झूम, इथे छोटी दांडी ढकलायची आणि मोटर घुंईं करत आपल्या सवडीने जाणार, हवं तिथे थांबेल तर शपथ. यावर उपाय सापडला, मेनूत स्टेप झूम करून टाका, मग २४, २८, ३५, ५० असं टप्प्याटप्प्याने जातं, फिक्स लेन्सा खिशात असल्यासारखं. हे पहिल्या दिवशी करा, मला आठ महिने लागले.

धावणाऱ्या गोष्टींचा फोकस. मुलीच्या शाळेतल्या शर्यतीत ती माझ्या दिशेने पळत येत होती, मी वीस-बावीस फोटो ओढले, त्यातल्या दोनमध्ये ती शार्प आणि बाकीच्यांत तिच्या मागचं कुंपण. माझा कॅमेरा कॉन्ट्रास्ट बघून फोकस करणारा आहे, पुढे-मागे चाचपडत जातो. नंतरच्या काही मॉडेल्समध्ये फेज डिटेक्शन, म्हणजे न चाचपडता थेट फोकस करायची पद्धत आलीये, २०१६च्या आरएक्स१०० मार्क ५मध्ये होती, तुमच्या घरी खेळणारी मुलं असतील तर स्पेक्समध्ये ती शोधाच. आणि पक्षी विसरा. तीन-चार पट झूममध्ये पक्षी म्हणजे फांदीवरचा ठिपका.

कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही. व्ह्यूफाइंडर नसलेला घेतला हे माझं चुकलं, साफ चुकलं, किती वेळा अंदाजपंचे क्लिक केलंय. आणि नुसतं बघण्याचा प्रश्न नाही, डोळ्याला टेकवला की कॅमेऱ्याला तिसरा आधार मिळतो, हात लांब करून धरला की संध्याकाळी हलतोच. आता कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते, थोडा जाड चालेल पण व्ह्यूफाइंडरवाला घे.

बॅटरीचं काय लिहू, या जातीच्या कॅमेऱ्यांचे कंपनीचे आकडेच एका चार्जला दोनशे-तीनशे फोटोंच्या घरातले असतात कारण स्क्रीन सतत चालू. दोन जास्तीच्या बॅटऱ्या घेतल्या, चपट्या असतात, पाकिटात राहतात. बॉडी तर साबणासारखी गुळगुळीत, मी रबराची चिकटपट्टी लावून घेतली, दिसते घाण पण एकदाही पडला नाही.

एक गंमत, रॉ फाइल पहिल्यांदा एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा धक्काच बसला, वाइडला घेतलेली दाराची चौकट चक्क फुगलेली होती, पिंपासारखी. वाटलं पीस खराब आला. मग कळलं की इतकी छोटी आणि उजेडाची लेन्स बनवायची तर वाकडेपणा राहतोच, कॅमेरा जेपेग बनवताना तो गुपचूप सरळ करतो, आणि त्या सॉफ्टवेअरला ते माहीत नव्हतं. लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या वाकडेपणाची दुरुस्ती) लावलं की ठीक होतं, कोपरे थोडे ताणले जातात पण बघणाऱ्याला कळत नाही.

फोनचा विषय निघणारच. २०२१-२२पासून काही महागड्या फोनमध्ये पण १ इंची सेन्सर यायला लागलाय, आणि वाइड फोटोत, दिवसा, फोन काही कमी नाही, उलट आकाश-बिकाश स्वतःच नीट करून देतो. पण तो मोठा सेन्सर फोनच्या मुख्य लेन्समागेच असतो, झूम केलं की फोन सहसा दुसऱ्या, लहान सेन्सरवर उडी मारतो नाहीतर कापून मोठं करतो. इथे तोच सेन्सर ७० मिलीमीटरच्या झूमलाही तेवढाच. शिवाय फिरवायच्या खऱ्या चकत्या, खरं शटर बटण. लेन्सभोवतीच्या रिंगला मी एक्स्पोजर कंपेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणं) दिलंय, बोट आपोआप तिथे जातं. फोनने फोटो होतात, पण फोटो काढल्यासारखं वाटत नाही, आता हे कारण झालं का तर नाही झालं, माहितीये.

एसएलआरची बॉडी आणि ५०ची लेन्स भाचीला दिली, ती त्याच्यावर माझ्यापेक्षा बरं काम करते. ७०-३०० अजून कपाटात आहे, विकवत नाही.

आणि शेवटची तक्रार, जी कुणी घेताना सांगत नाही. धूळ. लेन्स आत-बाहेर करते तेव्हा भात्यासारखी हवा ओढते, त्याबरोबर खिशातलं जे काही असेल ते. एसएलआरचा सेन्सर लेन्स काढून ब्लोअरने स्वतः साफ करायचे, इथे सगळं सीलबंद, अख्खं लेन्स युनिट खोलावं लागतं. दुसऱ्या वर्षी माझ्या फोटोंत उजव्या बाजूला वर एक करडा ठिपका यायला लागला, मोकळं आकाश असेल आणि झूम केलं असेल तर जास्त दिसतो. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी थँक्यू म्हणून घरी आले. आता जीन्सच्या खिशात सोडत नाही, मऊ पाऊचमध्ये ठेवते, आणि आकाशाचा फोटो काढताना उजव्या कोपऱ्यात एखादी फांदी नाहीतर विजेची तार येईल असं उभी राहते.