एसबीआर १६ आणि एचजीआर १५: दोन्ही वापरून झाल्यावर

घरच्या सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणारं यंत्र) कापलेली वर्तुळं लंबगोल यायला लागली. एक्स (डावी-उजवी) आणि वाय (पुढे-मागे) या दोन्ही अक्षांना एसबीआर १६ होत्या, म्हणजे खालून सलग आधार असलेल्या १६ मिमीच्या गोल रेल; त्यांवर आत छर्रे असलेले ब्लॉक सरकतात. स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) तपासला, ठीक होता. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून स्पिंडल (कापणारी मोटर) हाताने पुढे-मागे ढकललं, तर एक्सच्या वरच्या रेलवरचा ब्लॉक ०.१५ मिमी हलतोय! विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर काय, तर 'रेल घासली असेल, ब्लॉक बदलून मिळणार नाही.' रेलवर ओरखडासुद्धा नव्हता.

एसबीआरला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. नुसता १६ मिमीचा रॉड ६०० मिमी अंतरावर दोन टोकांना टेकवला आणि मधोमध १० किलो भार दिला, तर तो साधारण ०.७ मिमी वाकतो. एसबीआरला खालून सलग आधार असतो, त्यामुळे ती कटकट नाही. माझ्या वाय अक्षावर त्याच रेल अजून आहेत, गॅन्ट्रीचं (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाचं) सगळं वजन झेलतात आणि कुरकुर नाही.

गोम एक्समध्ये आहे. तो खालचा आधार जाऊ देण्यासाठी एसबीआरचा ब्लॉक एका बाजूने उघडा असतो, आणि त्या उघड्या बाजूकडे त्याची ताकद सगळ्यात कमी. वायवर वजन ब्लॉकला रेलवर दाबतं. एक्सच्या रेल मात्र गॅन्ट्रीच्या तोंडावर उभ्या पृष्ठभागावर बसतात, स्पिंडल पुढे लटकतं, आणि वरचा ब्लॉक कायम रेलपासून ओढला जातो. ब्लॉकच्या बाजूचा स्क्रू पिळला की ढिलाई जाते, पण जरा जास्त पिळलं की छर्रे खरखर करतात. सैल आणि जॅम यांच्या मधली जागा फार तर पाव फेऱ्याची. ती दर थोड्या दिवसांनी शोधत बसायचा मला कंटाळा आला.

म्हणून फक्त एक्सला एचजीआर १५ (१५ मिमी रुंदीच्या चौकोनी रेल) घेतल्या. आधी मी याला उधळपट्टीच म्हणत होतो. आता म्हणत नाही. छर्र्यांच्या चार ओळी, चारही दिशांना सारखी ताकद. गेजचा काटा जागचा हलेना. पण ही रेल लाडावलेली आहे. रेलखालचा गॅन्ट्रीचा पाइप वाकडा असेल तर बोल्ट आवळल्यावर तीही तशीच वाकते आणि ब्लॉक नेमका तिथेच जड जातो. एक रेल सरळ करून पक्की करायची, दुसरी सैल ठेवून स्पिंडलची प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत बोल्ट आवळत जायचं. भोकं दर ६० मिमीवर. एम४ (४ मिमी) बोल्टचे आटे पाडता पाडता मनगट गेलं.

आणि ते ग्रीसचं निपल (ग्रीस भरायचं तोंड)! ज्याने ते तिथे ठेवलं त्याने बहुधा स्वतः कधी ग्रीस भरलेलं नसावं. ब्लॉकच्या टोकाला निपल, एका रेलवर दोन ब्लॉक, वरून प्लेट. निपलं आतल्या बाजूला समोरासमोर आली की ग्रीसगनचं नाक आत शिरत नाही. बाहेर काढली तर ती लिमिट स्विचला (टोक आलं की यंत्र थांबवणाऱ्या बटणाला) धडकतात. बरं, ग्रीस टाळताही येत नाही: नव्या ब्लॉकमध्ये बरेचदा फक्त गंज न लागण्यापुरतं तेल असतं, आणि एमडीएफचा भुसा तेल शोषून त्याचा लगदा करतो. शेवटी निपलं बाहेरच्या बाजूला घेतली, स्विच सरकवले, दोन्ही टोकांना थोडा प्रवास गमावला. हे ब्लॉक उलटे करताना सोबतची प्लास्टिकची डमी रेल टोकाला लावूनच काढावे लागतात, नाहीतर छर्रे जमिनीवर सांडायची भीती. ती डमी रेल फेकू नका. पॅकिंगचा कचरा वाटते, पण नाही.

ग्रीस लिथियमचं साधं घेतलंय. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, असलेलं ग्रीसही धुऊन जातं.

लाकूड आणि एमडीएफसाठी माझा हिशेब आता असा: वायला एसबीआर, एक्सला एचजीआर, आणि प्लेटचं ड्रॉइंग काढतानाच निपलपर्यंत ग्रीसगन पोचते का ते बघा. एक्सच्या उतरवलेल्या एसबीआर रेल भंगारात देणार नाही. नवे ब्लॉक घालून ड्रिलच्या सरकत्या टेबलाखाली लावणार आहे, तिथे भार वरून खालीच येतो.