बाथचा वीकएंड ठरवताय? हॉटेलच्या नावाने आलेला मेसेज आधी नीट वाचा

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण दीड तासात बाथला पोचता येतं. त्यामुळे भारतातून आई-बाबा आले की शनिवार-रविवार कुठे न्यायचं, या प्रश्नाला तिथल्या मराठी घरांत बाथ हे सोपं उत्तर असतं. शहर लहान आहे. शनिवारच्या खोल्या लवकर संपतात आणि बऱ्याच ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. सप्टेंबरातला जेन ऑस्टिन महोत्सव किंवा नोव्हेंबरअखेरीस सुरू होणारा नाताळबाजार असला, तर खोली हातची जाण्याची धाकधूक आणखी वाढते. भामटे नेमकी हीच धाकधूक वापरतात.

बरीच माणसं जिथे फसतात, तिथे बुकिंग खरं असतं, हॉटेलही खरं असतं. खोली नावाजलेल्या संकेतस्थळावर घेतलेली असते, कन्फर्मेशन आलेलं असतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी त्याच ॲपच्या चॅटमध्ये, हॉटेलच्याच नावाखाली मेसेज येतो. तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही, बारा तासांत खालच्या लिंकवर तपशील भरा, नाहीतर खोली रद्द होईल, पैसे कापले जाणार नाहीत. त्यात तुमचं नाव, तारखा, रक्कम, सगळं पेनीपर्यंत बरोबर असतं. एवढी माहिती बाहेरच्याला कशी असेल, असं वाटून माणूस कार्ड काढतो.

ही माहिती बहुधा हॉटेलच्या काउंटरवरून गेलेली असते. पाहुण्याच्या नावाने तिथल्या कर्मचाऱ्याला ईमेल येते: मुलाला ॲलर्जी आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलंय, कृपया बघा. ते उघडलं की संगणकात घुसलेला प्रोग्राम पासवर्ड चोरतो, आणि चोर हॉटेलच्याच खात्यातून सगळ्या पाहुण्यांना मेसेज पाठवू लागतो. म्हणूनच “ॲपमध्येच आलाय, म्हणजे खरा असणार” हा तर्क इथे चालत नाही.

लिंक उघडण्याआधी तिचा पत्ता वाचा, आणि सुरुवातीकडून वाचू नका. सुरुवातीला ओळखीच्या कंपनीचं नाव कोणीही घालू शकतो. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचं नाव बघा. खरा मालक तो. तिथे “कन्फर्म”, “गेस्ट”, “आयडी” असले शब्द डॅश लावून जोडलेले दिसले, तर लिंक बंद करा. कार्डाचे तपशील भरले की बँकेचा ओटीपी किंवा मंजुरीचा संदेश येतो, त्यात रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. घाईत लोक फक्त सहा आकडे बघतात. “पैसे कापणार नाही” म्हणणाऱ्या पडताळणीत ४२० पौंड लिहिलेले असतील, तर ती पडताळणी नाही, खरेदी आहे. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहाराला ओटीपी येईलच असं नाही, हेही लक्षात असू द्या. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद-चालू करता येतो, मर्यादाही ठरवता येते. बुकिंगपुरता चालू ठेवा, मग बंद करा.

असा मेसेज आला तर चॅटमध्ये उत्तर देत बसू नका. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर घेऊन फोन करा, मेसेजमधला नंबर लावू नका. आणि बुकिंगमधला पेमेंटचा भाग पुन्हा वाचा. तिथे “हॉटेलवर पोचल्यावर पैसे” असं असेल, तर आधी मागणाऱ्याला ठाम नकार द्या.

दुसरा प्रकार अस्तित्वातच नसलेल्या फ्लॅटचा. रॉयल क्रेसेंट या अर्धचंद्राकार घरांच्या प्रसिद्ध रांगेला लागून जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचा फ्लॅट, दर बाकीच्यांच्या निम्मा, आणि दोन संदेशांनंतर मालक म्हणतो की साइटचं कमिशन वाचवू, थेट बँकेत पाठवा, पंधरा टक्के सूट देतो. फोटो बहुधा घरविक्रीच्या जाहिरातींतून उचललेले असतात, म्हणून ते गूगलच्या फोटो-शोधात टाकून पाहा. त्यापेक्षाही बारकाईने फोटोच बघा. बाथचं जुनं शहर मधाच्या रंगाच्या चुनखडकात बांधलेलं आहे. क्रेसेंटशेजारच्या म्हणवणाऱ्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर लाल विटांच्या घरांची रांग दिसली, तर तो फोटो दुसऱ्या गावचा आहे. भिंतीवरचे प्लग बघा. इंग्लंडमध्ये तीन चौकोनी भोकांचे असतात, दोन गोल भोकांचे नाहीत. बाथरूममध्ये बेसिनशेजारी साधा प्लग दिसला तरी संशय घ्या, कारण तिथे नियमामुळे सहसा फक्त शेव्हरचा सॉकेट बसवतात. पत्ता मागा, पोस्टकोड बीए-१ किंवा बीए-२ ने सुरू होतो का पाहा, आणि गूगलच्या रस्तादर्शनात दाराचा रंग, पायऱ्या, जाळी जुळवा. रॉयल क्रेसेंट १७६७ ते १७७४ मध्ये बांधली गेली आणि तिच्यात घरं तीसच आहेत. घर क्रमांक ४२ सांगणारा खोटं बोलतोय.

ब्रिटनमध्ये बँकेतून पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं का, ते बँक दाखवते. नाव जुळत नसताना मालक म्हणतो, “कंपनीचं खातं आहे, पुढे जा.” तिथेच थांबायचं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात अशा फसवणुकीने गेलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत देणं बँकांना बंधनकारक आहे. मागणी १३ महिन्यांच्या आत करायची, आणि बँक १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. पण इशारा दिसूनही पुढे गेलात तर दावा अडकू शकतो, आणि भारतातून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण नाहीच. ब्रिटिश क्रेडिट कार्ड असेल तर तेच वापरा. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याचं कलम ७५ शंभर पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीला लागू होतं, अगदी थोडाच भाग कार्डाने भरला तरी. मात्र पैसे मधल्या कंपनीला गेले असतील तर ते लागू होईलच असं नाही, म्हणून शक्य तिथे हॉटेलला थेट भरा.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. पार्किंगच्या यंत्रावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका. नखाने कड उचलून बघा, खाली दुसरा कोड किंवा फलक निघतो. खोट्या पानावर कार्ड जातं, आणि पार्किंगचे पैसे खऱ्या खात्यात न पोचल्यामुळे वर दंडही होतो. नाणी टाका, यंत्रावर कार्ड लावा, किंवा ॲप स्टोअरमधूनच ॲप घेऊन जागेचा क्रमांक हाताने टाइप करा. “बाथच्या स्वच्छ हवा क्षेत्रात शिरलात, आजच दंड भरा” असा एसएमएस आला तर पुसून टाका. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्या क्षेत्रात शुल्क फक्त जास्त धूर सोडणाऱ्या व्हॅन, टॅक्सी, बस, ट्रक यांना आहे. खासगी मोटारीला नाही.

तिकिटांचंही तसंच. “रोमन बाथ”मध्ये, म्हणजे तिथल्या रोमनकालीन स्नानगृहात, “गरम आंघोळ” विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. तिथलं ४६ अंशांचं पाणी फक्त बघायचं आहे, त्यात उतरायला बंदी आहे. आंघोळीसाठी शेजारची थर्मी बाथ स्पा वेगळी, आणि तिथल्या मुख्य भागात १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलांसकट कुटुंबाचं तिकीट विकणारा म्हणूनच उघडा पडतो. महापौरांच्या मानद मार्गदर्शकांची शहरफेरी १९३४ पासून फुकट आहे, रोमन बाथला लागून असलेल्या पंप रूमबाहेरून निघते, आणि ते बक्षिसीही घेत नाहीत. त्या फेरीचे पैसे मागणारा त्यांच्यापैकी नव्हे.

कार्डाचे तपशील दिले गेलेच, तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्ड गोठवा, मग फोन. ब्रिटनमध्ये १५९ लावला की बहुतेक बँकांशी जोडून देतात. पोलिसांकडची नोंद ०३०० १२३ २०४० वर, खोटे एसएमएस ७७२६ ला फॉरवर्ड करायचे. भारतातलं कार्ड किंवा खातं असेल तर बँकेबरोबरच सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन. चॅट पुसू नका. लिंकचा पूर्ण पत्ता, मेसेजची वेळ आणि बँकेचा संदेश यांचे स्क्रीनशॉट काढा, आणि हॉटेललाही लगेच फोन करा. त्यांच्या खात्यात चोर अजून बसलेला असेल, तर पुढच्या पाहुण्याला तोच मेसेज जाणार आहे.