'मेट्रो एक्सोडस' की 'स्टॉकर २'? आधी पीसी बघ, मग बोलू

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नवा पीसी जुळवून घेतला की पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, आणि खिशात पैसे बहुधा एकाच गेमचे असतात.

दोन्ही एकट्यानं खेळायचे. मेट्रोवाली फोरए गेम्स ही कंपनी कीव्हमध्ये उभी केली ती स्टॉकरवाल्या जीएससीतून बाहेर पडलेल्या लोकांनी, त्यामुळं भाऊबंदकी आहेच. किरणोत्सर्ग, विद्रूप जनावरं, मोजून वापरायच्या गोळ्या हे दोन्हीकडं सारखं. स्वभाव मात्र पार वेगळे.

पहिली चाळण मशीनची. स्टॉकर २ ला एसएसडीवर १६० जीबीच्या आसपास जागा, १६ जीबी रॅम आणि निदान जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड लागतं. एवढ्यावर तो सुरू होतो, पण माणसांच्या वस्तीत शिरलास की अडखळायला लागतो. मेट्रो २०१९ चा, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० वर निभतो. फक्त २०२१ ची एन्हान्स्ड एडिशन टाकू नकोस, तिला रे ट्रेसिंगवालंच, म्हणजे प्रकाशाचं खरंखुरं गणित करणारं कार्ड लागतं. घरात पीएस४ असेल तर विषयच संपला, स्टॉकर २ त्यावर नाहीच.

मेट्रोत नायक अर्त्योम, त्याची बायको आन्ना आणि मंडळी 'ऑरोरा' नावाच्या रेल्वेनं मॉस्कोतून निघतात. मधे व्होल्गा, कॅस्पियन, तैगा असे मोकळे टप्पे, पण कथा तुझा हात सोडत नाही. मजा बारक्या गोष्टींत आहे. गॅस मास्कच्या काचेवर चिखल उडाला की बटण दाबून पुसायचा, काच तडकली की चिकटपट्टी लावायची, फिल्टर किती उरला ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. बंदुकीत धूळ गेली की ऐन वेळी अडकते. पैसा नाही, भंगार गोळा करून वर्कबेंचवर सामान बनवायचं. शरण आलेल्याला मारलंस तर त्याचा हिशेब पुढं होतो, शेवटसुद्धा बदलतो.

स्टॉकर २ मध्ये हात धरायला कुणी नाही. चेर्नोबिलभोवतीचा झोन, म्हणजे बंदी घातलेला परिसर, आणि तू स्किफ नावाचा गडी. पुढं हवा थरथरताना दिसली की सापळा असेल म्हणून खिशातला बोल्ट फेकायचा. तिथं काही फुटलं, भडकलं तर वाट बदल. भूक, झोप, रक्तस्राव, पाठीवरचं वजन, सगळं सांभाळायचं. वजन वाढलं की धाप लागते, आणि मोह तर प्रत्येक बंदुकीचा होतो. जनावर मारायला गोळ्या फार जातात, म्हणून पळून जाणं हाच बऱ्याचदा शहाणपणा. युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना बनलेला हा गेम नोव्हेंबर २०२४ ला आला तेव्हा बगांनी भरलेला होता. पॅचेसनी बराच सुधारला, तरी मेट्रोइतका घोटीव नाही. पण पावसाळी रात्री झोनमध्ये हरवण्याची जी धास्ती आहे, तिचा नाद खुळा!

माझं मत विचारशील तर कामावरून येऊन तास-दीड तास बसणाऱ्यानं मेट्रो घ्यावा. स्टॉकरमध्ये तेवढा वेळ नुसता चालण्यात आणि दुरुस्तीसाठी कुपनांची (झोनमधलं चलन) जुळवाजुळव करण्यात जातो. सुट्टी पडली असेल, पीसी दणकट असेल आणि वाट चुकण्याचा राग येत नसेल, तर मात्र बिनधास्त स्टॉकर.

आणि मेट्रो घेतलास तर सेलची वाट बघ, बराच खाली येतो. गोल्ड एडिशनमध्ये दोन जोडकथा मिळतात. त्यातली अर्त्योमच्या साथीदाराची, सॅमची, आधी उघडू नकोस भावा, मुख्य कथेचा शेवट फुटतो.