इन्स्टॉल फेल गेलंय? आता पेनड्राईव्ह रुफसनं करायचा का व्हेंटॉयनं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हापासनं गल्लीतले, पाहुण्यातले लॅपटॉप एकेक करून माझ्याकडं यायला लागलेत, आणि बरेचसे "इन्स्टॉल अर्ध्यात थांबलंय, बघ जरा" म्हणूनच येतात. रुफस आणि व्हेंटॉय हे बूटेबल पेनड्राईव्ह (ज्यावरनं विंडोज टाकता येतं तसला) करायचे प्रोग्राम, तो कसा करायचा हे तुम्हाला माहिताय असं धरतो. प्रश्न एवढाच, की एकदा फेल गेल्यावर हातात कुठला पेनड्राईव्ह असलेला बरा.

रुफस चांगलंच आहे, त्यात वाद नाही. विंडोज 11 ची आयएसओ (सेटअपची अख्खी फाईल) दिली की टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (ओळख नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय), 4 जीबी रॅम ह्या अटी काढायच्या का ते स्वतःच विचारतंय, ऑनलाईन अकाउंटची कटकटही तिथंच मिटते, आणि आतली फाईल 4 जीबीच्या वर गेली की फॅट32 ह्या फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून आपल्याला न विचारता एनटीएफएस निवडून मोकळं होतंय. शिवाय जीपीटी (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) निवडून केलेला पेनड्राईव्ह फक्त यूईएफआयनंच (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीनं) बूट होतो, त्यामुळं घोळ घालायला जागाच नाही.

व्हेंटॉयचा यूईएफआय आणि जुनं बायोस अशा दोन्हीकडनं बूट होतो, म्हणून दोन्ही चालू असलेल्या मशीनच्या बूट मेन्यूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो बघा, आणि घाईत यूईएफआय न लिहिलेली ओळ निवडली की पुढं डिस्क निवडताना विंडोज म्हणतंय ह्या जीपीटी डिस्कवर इन्स्टॉल होणार नाही. डिस्कला काही झालेलं नसतंय! मागं जाऊन यूईएफआयवाली ओळ निवडायची, बास. लोक इथं घाबरून डिस्कपार्ट उघडून क्लीन (अख्खी डिस्क कोरी करायची कमांड) मारतात आणि लग्नाचे फोटो घालवून बसतात.

तर इथपर्यंत रुफसच पुढं आहे असं कुणीही म्हणंल, मी पण तेच वापरायचो. पण मावसभावानं डॉसवाला (विंडोज नसलेला) लॅपटॉप घेतला, इंटेल अकराव्या जनरेशनचा, तो राहतो कोल्हापुरात फुलेवाडीत आणि मी राजारामपुरीत. घरनं रुफसचा पेनड्राईव्ह करून गेलो, सेटअप चालू झाला आणि डिस्कची यादी रिकामी, ड्रायव्हर लोड करा म्हणतंय. ह्या जनरेशनपासनं बऱ्याच लॅपटॉपात डिस्क इंटेलच्या व्हीएमडी कंट्रोलरमागं असतीय आणि विंडोजच्या सेटअपकडं त्याचा ड्रायव्हर नसला की डिस्क दिसतच नाही. ड्रायव्हर फोनवर उतरवला, पण पेनड्राईव्ह एनटीएफएस, फोनला तो उघडंना. लॅपटॉपात विंडोजच नाही, आणि रुफस तर फक्त विंडोजवर चालतंय. मग डिस्कच मेलीय का ते लिनक्सवरनं बघावं म्हटलं, तर तोच पेनड्राईव्ह पुसून परत लिहायचा, आणि लिनक्सवर डिस्क दिसली की परत पुसून विंडोज. प्रत्येक शंकेला एक फेरी, ती पण भर पावसात गंगावेशीतनं. कारण साधं होतं, पण ते शोधायला दुसरा कंप्युटर लागत होता, आणि माझं मन तिथंच बदललं.

व्हेंटॉयला पेनड्राईव्ह एकदा फॉरमॅट केला की संपलं, मग आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. माझ्या 64 जीबीच्यावर विंडोज 11, विंडोज 10, लिनक्स मिंट आणि ड्रायव्हरचं फोल्डर एकत्रच असतंय. इन्स्टॉल अडलं की आधी मिंट लाईव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरनंच) चालू करायचं, तिथं डिस्क दिसली तर डिस्क जिवंत आहे आणि दोष बहुतेक ड्रायव्हरचा, आणि आत जुना डेटा असंल तर तोही तिथनंच बाहेर काढता येतो. मेन भाग एक्सफॅट फॉरमॅटचा असल्यामुळं बऱ्याच फोनवर ओटीजी (फोनला पेनड्राईव्ह जोडायची केबल) लावून फाईल टाकता येते. फक्त ड्रायव्हर टाकताना नुसती सेटअपची एक्झी टाकू नका, आयएनएफ फाईल असलेलं उघडलेलं फोल्डर लागतंय. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करूनही काम होतंय, काही लॅपटॉपात कंट्रोल एस दाबल्याशिवाय तो पर्यायच दिसत नाही, पण आत आधीचं विंडोज असंल तर ते मग बूट व्हायला अडतं, म्हणून हे कोऱ्या मशीनवरच बरं.

आता व्हेंटॉयचं दुखणं. सिक्युअर बूट चालू असंल तर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते, तिथं एनरोल की फ्रॉम डिस्क करून त्याच्याच छोट्या पार्टिशनमधली की निवडायची. लै जणांना वाटतं बिघडलं, तसं नाही, एका मशीनला सहसा एकदाच करावं लागतंय. त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद करतो म्हणत असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी आहे का बघा. आणि त्याच्या सोर्समध्ये आयत्या बायनरी फाईली (आतला कोड वाचता न येणाऱ्या) आहेत ह्यावरनं काही जाणकार नाराज आहेत, ऑफिसच्या मशीनला वापरणार असाल तर तेवढा विचार करा.

घरात दुसरा चालू विंडोज लॅपटॉप असंल आणि एकदाच विंडोज 11 टाकायचं असंल तर रुफस घ्या, मी अडवणार नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन करायचं असंल तर मी तरी व्हेंटॉयचाच खिशात टाकून जातो, सोबत ओटीजीची केबल.