चुकलेल्या स्पेलिंगचा परतावा: माझे 12,000 रुपये असे गेले

देवगडात बसून मी डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकतो. कोकणात मोठ्या कंपनीकडून नावं घेऊन पुढे विकणारे माझ्यासारखे रीसेलर बरेच आहेत. त्यांच्यापैकी आणखी कुणी यात अडकू नये म्हणून हे लिहितोय.

स्पेलिंग चुकणं आमच्याकडे रोजचंच. हापूस इंग्रजीत लिहिताना कुणी यू घालतं, कुणी दोन ओ. तारकर्लीच्या एका काकींनी होमस्टेच्या नावातला एक आर गाळला आणि संध्याकाळी फोन आला, "स्पेलिंग चुकला रे झिला, आता काय करूचा?" नोंदलेल्या नावातलं अक्षर बदलता येत नाही. ते नाव डिलीट करून बरोबर नाव नव्यानं घ्यावं लागतं. डॉट कॉमला त्यासाठी नोंदणीपासून 5 दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत डिलीट केलं की पैसे, मी ज्या कंपनीकडून नावं घेतो तिच्याकडच्या माझ्या वॉलेटमध्ये परत येतात. पूर्वी लोक या सवलतीवर हजारो नावं फुकट घेऊन सोडून द्यायचे, म्हणून 2009 पासून तिच्यावर मर्यादा आली. महिन्यातल्या नव्या नोंदण्यांच्या 10 टक्के किंवा 50 नावं, यांतलं जे जास्त असेल तेवढ्याच नावांचे पैसे कंपनीला परत मिळतात. त्यामुळे कंपनी मला प्रत्येक वेळी कारण विचारते. काकींचं काम झालं. अशी गिऱ्हाइकं इतकी आली की "स्पेलिंग चुकलं" म्हटल्यावर मला कधी शंकाच यायची नाही.

एप्रिलमध्ये एकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. आंबा आणि होमस्टे असा जोडधंदा करायचाय, म्हणाला. यादी त्यानंच पाठवली: 9 डॉट कॉम, 3 डॉट इन. बिल 12,000 रुपये. माझ्या पेमेंट लिंकवर कार्डानं लगेच भरले. तिसऱ्या दिवशी फोन. "दादा, सगळ्या नावांत मँगोमधला एन राहिलाय. भावानं यादी टाइप केली. आजच्या आज रद्द करा." यादी पाहिली, खरंच बाराही नावांत एन नव्हता.

खाली वडील आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होते, लाईट गेलेली, आणि हा दर दहा मिनिटांनी फोन करत होता. गेटवेवरून, म्हणजे ज्या पेमेंट कंपनीमार्फत कार्डाचे पैसे आले तिच्याकडूनच, परत पाठवतो म्हटलं, तर म्हणाला, "कार्ड ब्लॉक झालंय दादा, बहिणीच्या यूपीआयवर टाका, नवीन नावांचे पैसे त्यातूनच भरतो." पाठवताना स्क्रीनवर बाईचं नाव आलं. त्याचं आडनाव वेगळं होतं. मी ते वाचलं, आणि तरीही पिन टाकला.

नवीन ऑर्डर आलीच नाही. फोन बंद. दीड महिन्यानं गेटवेची मेल आली: कार्डधारकानं हा व्यवहार आपला नसल्याची तक्रार केली आहे. कार्ड परदेशी बँकेचं होतं. आपल्या कार्डाला ओटीपी लागतो, परदेशी कार्डावर तो येतोच असं नाही. गेटवेनं माझ्याकडून 12,000 कापले, वर तक्रारीचा दंड. मी यूपीआयची पावती पाठवली, पण ती दुसऱ्याच माणसाच्या खात्याची, तिचा काय उपयोग? डॉट कॉमचे पैसे वॉलेटमध्ये आले होते, पण माझ्या कंपनीच्या अटींप्रमाणे डॉट इनचे 1,500 गेलेच.

म्हणजे त्याला नावं कधी नकोच होती. चोरीच्या कार्डातला पैसा माझ्या हातून स्वच्छ करून त्यानं यूपीआयवर काढून घेतला. चुकलेला एन आणि 5 दिवसांची घाई हे त्याचं हत्यार होतं. खरं तर घाई डोमेन डिलीट करायचीच होती. पैसे परत द्यायला एवढी घाई नव्हती, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

म्हणून सांगतो, परतावा ज्या कार्डावरून किंवा खात्यावरून पैसे आले तिथेच, गेटवेच्या रिफंड बटणानंच पाठवा. कार्ड ब्लॉक असेल तर त्यांची बँक बघून घेईल. परदेशी कार्डावरून एकदम डझनभर नावं कुणी घेत असेल तर नोंदणीआधी त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला. अशी तक्रार व्यवहारानंतर 120 दिवसांपर्यंतही येऊ शकते, तोवर चॅट आणि यादी पुसू नका.

मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण दीड महिना उलटून गेला होता. बहिणीचं म्हणून दिलेलं ते खातं तोवर रिकामं झालं होतं.