स्पेन सांगून आमच्या जहाजात घातलेला पोरगा

2019 ची गोष्ट आहे. मी तेव्हा मालवाहू जहाजावर एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी होतो, मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला फॉस्फेट भरून पारादीपला यायचं होतं. खुरिबगाच्या खाणीतून ट्रेनने माल येतो तिथं, लोडिंग चालू असलं की पांढरट धूळ डेकवर, कपड्यात, जेवणात सगळीकडे. निघायच्या आधी स्टोअवे सर्च करावाच लागतो, कोणी लपून बसलंय का ते बघायला अख्खं जहाज पालथं घालायचं, आणि माझ्याकडे पुढची बाजू होती. रोप स्टोअरमध्ये दोराच्या वेटोळ्यामागे एक पोरगा सापडला, सोबत खजुराची पिशवी आणि पाण्याची एक बाटली. मला बघून घाबरला, आणि पहिला शब्द काय विचारला तर "एस्पान्या?", म्हणजे स्पेन?

पोलीस येईपर्यंत तासभर त्याला मेसमध्ये बसवलं. गँगवेवरचा, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यावरचा म्हातारा वॉचमन तिथलाच, त्याला इंग्रजी येत होतं. तो पोराला "वलदी" म्हणायचा, म्हणजे माझ्या बाळा, आणि त्याचं बोलणं आम्हाला सांगायचा.

पोरगा बंदराला लागूनच्या जुन्या मदिनात, म्हणजे जुन्या शहरात राहणारा. एका खोलीत आई आणि दोन बहिणी, वडील मासेमारीच्या बोटीवर होते ते वारले, आई लोकांच्या घरी धुणीभांडी करते. हा चौदाव्या वर्षापासून मासळी बंदरात पेट्या उचलतोय. तिकडे चोरून समुद्रापार जाणाऱ्यांना हर्राग म्हणतात, म्हणजे जाळणारे, कारण कागद जाळून निघतात. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये स्पेनला पोचलेल्या कोणाचा तरी व्हिडिओ असतोच, नवीन बूट, मागे समुद्र, हसणारा चेहरा.

चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला त्याला, आणि त्याने नेमकी दुखरी जागा धरली. अठराच्या आत एकटा पोचलास तर तुला तिथं मुलांच्या केंद्रात ठेवतात, सहजासहजी परत पाठवत नाहीत, आणि तुझ्या अठराव्याला चारच महिने राहिलेत, आता नाही गेलास तर संपलं. यातलं केंद्राचं खरं आहे, म्हणून तर पोरगा फसला. आठ हजार दिरहम मागितले, तेव्हाचे साठेक हजार रुपये. तिकडे लग्नात सोन्याच्या सात बारीक बांगड्या असतात, त्या आईने विकल्या. त्या माणसाने आमच्याच जहाजाचा फोटो पाठवला, म्हणाला दोन दिवसांत स्पेन, आणि रात्री मालाच्या ट्रकमधून आत घुसवलं.

जहाज कुठे चाललंय ते शिप ट्रॅकिंगच्या फुकट अ‍ॅपवर दिसतं हो! मी त्याच्याच फोनवर उघडून दाखवलं, पारादीप, आणि बोटाने नकाशावर सुएझपासून ओडिशापर्यंत रेघ ओढली. तीन आठवड्यांच्या वर लागतात. एका बाटली पाण्यावर बंद रोप स्टोअरमध्ये काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही, आणि शेजारच्या चेन लॉकरमध्ये, नांगराची साखळी ठेवतात तिथं, लपला असता तर नांगर उचलताना आत येणाऱ्या चेनखाली चिरडला असता. पोरगा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला, मग वॉचमनला एवढंच म्हणाला, आईला बांगड्यांचं काय सांगू.

मी तिथून उठून बाहेर गेलो. कारण 2009 मध्ये माझ्या आईच्या पाटल्या अशाच गेल्या होत्या. दापोलीहून बेलापूरला आलेलो, एजंट म्हणाला आठ दिवसांत जॉइनिंग, एकच सीट उरलीये, उद्या देईन कोणाला तरी. अडीच लाख घेतले, जॉइनिंग लेटर दिलं, ते खोटं निघालं, ऑफिसला कुलूप. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही की जहाजावर लावायचे पैसे खलाशाकडून घेणंच बेकायदेशीर आहे, आणि एजंटचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, सरकारच्या डीजी शिपिंगच्या साइटवर पाच मिनिटांत बघता येतो. म्हणून इथं लिहितोय. गावाकडच्या पोरांनो, नंबर बघितल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका, आणि जो माणूस तुमच्या वयाची, तारखेची, उरलेल्या सीटची घाई लावतो त्याला त्या दिवशी एक रुपया पण देऊ नका, घरी जा, झोपा, चार लोकांना विचारा.

पोलीस घेऊन गेले त्याला. वॉचमनने त्याच्या आईला माझ्यासमोर फोन लावला होता, त्या बाईचा आवाज स्पीकरवर नव्हता तरी मेसभर ऐकू येत होता. दोन महिन्यांनी वॉचमनचा मेसेज आला की पोरगा घरी आहे, परत पेट्या उचलतोय, तो टपरीवरचा माणूस गायब, नंबर बंद.

आम्ही त्याच रात्री निघालो. दुसऱ्या दिवशी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत माझी लुकआउटची ड्युटी होती, सगळ्यात अरुंद जागी ती चौदा किलोमीटर आहे. डावीकडे स्पेनच्या तारिफाची पांढरी घरं एवढी स्वच्छ दिसत होती की खिडक्या मोजता आल्या असत्या. जहाज तिथं थांबत नाही.